पंपाचं अंतर नेमकं कुठून मोजायचं? पेट्रोल पंप आणि पंपावरच्या धंद्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

पेट्रोल पंपांच्या जागेबद्दल या वेळी खूप प्रश्न आले. काही शेजाऱ्यांचे, काही डीलर लोकांचे आणि काही जमीनमालकांचे. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं, गावं काढून टाकलीत. प्रत्येक केसचा कागद वेगळा असतो हे खरं, पण जवळपास सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडलेलं दिसतं. झोन कुठला, पिवळा (रहिवासी) की निळा (कमर्शियल), एवढंच सगळे विचारतात आणि पंपाचा मंजूर नकाशा कुणी उघडूनच बघत नाही. म्हणून उत्तरात मी पुन्हा पुन्हा नकाशाकडे येणार आहे.

प्रश्न: आमच्या सोसायटीला लागून एक मोकळा प्लॉट आहे, तिथे पेट्रोल पंप येणार असं कळलंय, पत्रे ठोकून झालेत. आमच्यात म्हातारी माणसं आहेत, लहान मुलं आहेत. रहिवासी भागात पंप चालतो का? किती अंतर पाहिजे? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो, कुणी 30 मीटर, कुणी 50, कुणी 90.

आकडे वेगवेगळे ऐकू येतात कारण नियमही वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत, सांगणारे खोटं बोलत नसतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी 2020 मध्ये नवीन पंपांसाठी गाइडलाइन काढली. तिच्यात शाळा, 10 किंवा जास्त खाटांचं हॉस्पिटल आणि स्थानिक कायद्याने रहिवासी ठरवलेला भाग, यांच्यापासून नवीन पंप 50 मीटरच्या आत नको असं म्हटलंय. जागेची खरंच अडचण असेल तर जादा सुरक्षेच्या अटी घालून त्यापेक्षा जवळ चालतं, पण 30 मीटरच्या आत कुठल्याही परिस्थितीत नाही. म्हणजे तुम्ही ऐकलेले 30 आणि 50 हे दोन्ही आकडे एकाच गाइडलाइनमधले आहेत. बाकीचे आकडे, म्हणजे चौकापासून किती, शाळेच्या गेटपासून किती, हे बांधकाम नियमावलीतून येतात. महाराष्ट्रात मुंबई आणि काही ठराविक क्षेत्रं सोडली तर 2020 च्या डिसेंबरपासून एकत्रित नियमावली लागू आहे, तिची प्रत नगररचना ऑफिसात बघायला मिळते.

आता मुद्द्याचं. हे 50 मीटर पंपाच्या कंपाउंडपासून मोजत नाहीत. ते मोजायचे फिल पॉइंट, व्हेंट पाइप आणि डिस्पेन्सर म्हणजे पेट्रोल भरायचं मशीन, या तिघांपैकी जे तुमच्या सर्वात जवळ असेल तिथून, सरळ रेषेत. फिल पॉइंट म्हणजे टँकर जिथे पाइप जोडून टाकीत माल उतरवतो ते तोंड, आणि व्हेंट पाइप म्हणजे टाकीतली वाफ बाहेर सोडणारा उभा पाइप. एक उदाहरण घ्या, पंपाची भिंत तुमच्या सोसायटीच्या हद्दीला चिकटून आहे पण तिन्ही गोष्टी प्लॉटच्या पार दुसऱ्या टोकाला, रस्त्याच्या बाजूला ठेवल्यात, अंतर भरतं 52 मीटर, तर भिंत चिकटलेली असूनही या अटीत पंप बसतो. आणि उलट, प्लॉट चांगला ऐसपैस आहे पण व्हेंट पाइप मागच्या भिंतीला तुमच्याकडे तोंड करून उभे केलेत, अंतर आलं 41 मीटर, तर ती केस 30 ते 50 च्या मधली झाली आणि मग जादा सुरक्षेची उपाययोजना काय केली हे विचारायचा तुम्हाला पूर्ण आधार मिळतो. म्हणून आधी साइट प्लॅनची कॉपी मिळवा. त्या प्लॅनवर हे तिन्ही पॉइंट दाखवलेले असतात. प्लॅन न बघता केलेला अर्ज "पंप नको" एवढंच म्हणतो आणि तो फाइलला लागून राहतो, पण "व्हेंट पाइप आमच्या हद्दीपासून 41 मीटरवर आहे" असं लिहिलं की त्याचं उत्तर कुणाला तरी द्यावंच लागतं.

अर्ज कुठे करायचा हेही बऱ्याच जणांनी विचारलंय. पेट्रोलियम नियम 2002 प्रमाणे जागेची एनओसी जिल्हा प्राधिकारी देतात, म्हणजे ग्रामीण भागात आणि छोट्या शहरात जिल्हाधिकारी, आणि पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त. अर्ज आल्यावर तीन महिन्यांत चौकशी करून हो की नाही ते त्यांनी सांगायचं असतं. म्हणजे तुमच्या हरकतीची खरी वेळ हीच. नंतर नागपूरला मुख्यालय असलेली पेसो, म्हणजे केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, जिला सगळे अजून एक्स्प्लोझिव्हवालेच म्हणतात, ती लायसन देते, ते लायसन टाक्या आणि मशीनच्या मांडणीवर असतं. पत्रे ठोकले म्हणजे सगळ्या परवानग्या झाल्या असं नाही. माहिती अधिकारात एनओसीची फाइल मागा, उत्तराची मुदत 30 दिवस असते, त्यामुळे वाट बघत बसू नका, आजच टाका.

प्रश्न: आमची घरं 20 वर्षांपासून आहेत पण विकास आराखड्यात हा भाग कमर्शियल दाखवलाय. मग आम्ही रहिवासी नाही का? पंपवाला म्हणतो की झोन कमर्शियल आहे, अंतर लागूच होत नाही.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त खटकला, कारण पंपवाल्याच्या म्हणण्याला कागदावर थोडा आधार आहे. गाइडलाइनमध्ये शब्द आहेत ते "स्थानिक कायद्यानुसार निश्चित केलेला रहिवासी भाग" असे. म्हणजे माणसं राहतात एवढं पुरत नाही, तो भाग रहिवासी म्हणून निश्चित झालेला पाहिजे असा अर्थ लावला जातो. मला हे पटत नाही. टाकीतून निघालेली वाफ आराखड्यातला रंग बघून वळत नाही, आणि कमर्शियल झोनमध्ये खाली दुकानं वर फ्लॅट अशा इमारती तर सर्रास असतात.

पण पटत नाही म्हणून हात जोडून बसायचं नाही. पहिलं, झोन दाखला काढा, आणि तो भाग नक्की कमर्शियल आहे की रहिवासी भागात रस्त्याकडेला दुकानांना परवानगी आहे ते बघा, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दुसऱ्या प्रकारात मूळ झोन रहिवासीच राहतो. दुसरं, तुमच्या इमारतीची बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र जोडा, त्यात वापर रहिवासी लिहिलेला असेल तर स्थानिक प्राधिकरणानेच तो वापर मंजूर केलाय असं म्हणता येतं. तिसरं, शाळा आणि हॉस्पिटलच्या बाबतीत झोनची ही भानगडच नाही, ती कुठल्याही झोनमध्ये असली तरी अंतर लागतं, तेव्हा 50 मीटरच्या गोलात एखादी शाळा किंवा 10 खाटांचं हॉस्पिटल आहे का ते आधी बघून घ्या.

प्रश्न: पंप जुनाच आहे, आम्ही नंतर शेजारी फ्लॅट बघतोय. बिल्डर म्हणतो काही प्रॉब्लेम नाही, सगळं अंडरग्राउंड असतं. घ्यावा का?

टाकी अंडरग्राउंड असते, हवा नाही. टँकर माल उतरवताना काय होतं ते समजून घ्या. टँकर फिल पॉइंटजवळ लागतो, आधी अर्थिंगची क्लिप लावतात, मग होज जोडतात आणि पेट्रोल खाली टाकीत उतरायला लागतं. टाकी रिकामी दिसली तरी ती रिकामी नसते, तिच्यात पेट्रोलची वाफ भरलेली असते. जेवढं पेट्रोल आत जातं तेवढी वाफ बाहेर यायला बघते, आणि तिला परत टँकरमध्ये नेणारी दुसरी होज नसेल तर ती व्हेंट पाइपातून वर निघते, जो पाइप तुमच्या बेडरूमच्या खिडकीच्या उंचीला असू शकतो. गाडीत पेट्रोल भरतानाही असंच होतं, गाडीच्या टाकीतली वाफ नोझलच्या बाजूने बाहेर पडते. दोन्ही ठिकाणची वाफ परत पकडायची सिस्टीम असते, तिला व्हेपर रिकव्हरी म्हणतात, आणि ती या पंपावर बसवलीय का हा तुमचा पहिला प्रश्न असायला पाहिजे. या वाफेत बेंझिन असतं आणि बेंझिनने माणसाला कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने केव्हाच पक्कं धरलंय.

आपल्याकडची 2020 ची गाइडलाइन नवीन पंपांच्या जागेसाठी आहे, जुन्या पंपाशेजारी नवीन घरं बांधू नका असं ती सांगत नाही, आणि माझ्या मते ही मोठी फट आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने 2005 मध्येच उलट बाजूने विचार केला होता, वर्षाला 36 लाख गॅलन किंवा जास्त विक्री असलेल्या मोठ्या पंपापासून 300 फुटांच्या आत आणि साध्या पंपापासून 50 फुटांच्या आत नवीन घरं, शाळा, पाळणाघरं नकोत असा सल्ला दिला. तो सल्ला आहे, सक्ती नाही, तरी फ्लॅट घेणाऱ्याला हाताशी एक माप मिळतं. 2018 मध्ये अमेरिकेतल्याच दोन पंपांवरच्या व्हेंट पाइपांच्या प्रत्यक्ष मोजणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात अंतराचे नियम ठरवताना जेवढी वाफ धरली होती त्याच्या 10 पट किंवा जास्त वाफ बाहेर पडताना दिसली. दोनच पंप होते, त्यावरून जगातले सगळे पंप तसेच म्हणता येत नाही, पण अंदाज कमी पडू शकतो एवढं तर नक्की.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर, फ्लॅटच्या खिडक्या व्हेंट पाइपाच्या बाजूला असतील आणि अंतर 30 मीटरपेक्षा कमी असेल तर मी घेणार नाही, भाव कितीही कमी असला तरी. त्याच प्रोजेक्टमध्ये पलीकडच्या बाजूचा फ्लॅट मिळत असेल तर विचार करा.

प्रश्न: माझा पंप आहे, हायवेला. पेट्रोलच्या कमिशनवर भागत नाही म्हणून पंपावरच छोटं दुकान, चहा-नाश्ता, एटीएम आणि पुढे जमलं तर रेस्टॉरंट काढायचंय. जागा माझ्या ताब्यात आहे, मग वेगळी परवानगी कशाला?

तुमची अडचण खरी आहे, बऱ्याच ठिकाणी पंपवाल्यांची कमाई इंधनापेक्षा दुकानातून जास्त व्हायला लागलीय आणि कंपन्याही त्याला प्रोत्साहन देतात. पण जागा ताब्यात असणं आणि जागेवर कुठला वापर मंजूर असणं या दोन वेगळ्या गोष्टी. पंपाची परवानगी मिळाली म्हणजे त्या प्लॉटवर काहीही करायची परवानगी मिळाली असं होत नाही. नगररचनेच्या भाषेत पंप हा मूळ वापर आणि दुकान हा पूरक वापर. पूरक वापर मुळापेक्षा छोटा, मुळाच्या गिऱ्हाइकासाठी आणि मुळावर अवलंबून असला पाहिजे. पाण्याची बाटली, बिस्किटं, ऑइलचे डबे, वायपर ठेवणारं दुकान पूरकच. पण 80 खुर्च्यांचं रेस्टॉरंट, ज्याला स्वतःचं गिऱ्हाईक आहे, स्वतःचं पार्किंग लागतंय आणि उद्या पंप बंद झाला तरी चालू राहील, त्याला पूरक कसं म्हणणार? तो स्वतंत्र वापर झाला, त्याला झोनमध्ये परवानगी आहे का ते वेगळं बघायचं, पार्किंग वेगळं मोजायचं, बांधकाम परवानगी वेगळी घ्यायची. जमीन एनए म्हणजे बिगरशेती करताना फक्त पंपासाठी केली असेल तर तिथेही अडकाल, तो आदेश काढून वाचा.

दुसरी बाजू सुरक्षेची आणि तिथे तडजोड नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर न जाता जमिनीलगत पसरते, उताराने वाहते, गटारात आणि केबलच्या चॅनलमध्ये उतरते. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली चाळीसेक अंश आहे, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत ते पेटण्याइतकी वाफ सोडतच असतं. आपल्या कायद्यात 23 अंशांच्या खाली फ्लॅश पॉइंट असलेलं सगळं ए वर्गात येतं, पेट्रोल त्यातलंच, डिझेल बी वर्गात. म्हणून मशीन आणि फिल पॉइंटच्या भोवतीचा काही भाग धोक्याचा भाग म्हणून आखलेला असतो. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा संहितेत मशीनपासून आडवं 20 फूट आणि जमिनीपासून 18 इंच उंचीपर्यंतचा पट्टा त्यात धरतात, त्या 18 इंचांवरूनच कळतं की वाफ खाली साचते. अशा पट्ट्यात साधं स्विच, फ्रिजचा काँप्रेसर, एटीएमची केबल काहीच चालत नाही, फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेर जाऊ न देणारं) पाहिजे किंवा तिथून बाहेर पाहिजे.

चहाचं तर अजूनच अवघड. चहा म्हणजे सिलिंडर आणि उघडी ज्योत. बऱ्याच पंपांवर हवा भरायच्या मशीनशेजारी टपरी बघितलीय आणि प्रत्येक वेळी वाटतं की हे कुणीतरी थांबवायला पाहिजे. किचन करायचंच असेल तर ते पंपाच्या लायसनमध्ये दाखवलेल्या हद्दीच्या बाहेर, वेगळ्या इमारतीत, सुरक्षा अंतर सोडून, आणि शक्य तर तिथला रस्ताही वेगळा ठेवा, म्हणजे टँकर उभा असताना जेवायला आलेल्या गाड्या त्याच्या मागे अडकणार नाहीत. टँकरला काही झालं तर पुढे सरळ निघून जाता आलं पाहिजे ही गोष्ट नकाशात दिसत नाही, पण पंपावर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, ते हेच आधी सांगतील.

आता क्रम. आधी कंपनीच्या सेल्स ऑफिसरकडून लेखी संमती, कारण बहुतेक ठिकाणी टाक्या-मशीन कंपनीची असतात आणि डीलरशिपच्या करारात जोडधंद्यांवर अटी असतात. मग दुरुस्त नकाशा पेसोकडे, कारण लायसनच्या हद्दीत मंजूर नकाशाबाहेर काही बदलायचं तर आधी परवानगी लागते, बांधून झाल्यावर दाखवायचं असं चालत नाही. मग बांधकाम परवानगी आणि फायरची एनओसी. खाण्याच्या वस्तूंसाठी एफएसएसएआयचं लायसन किंवा नोंदणी, दुकानाची गुमास्ता नोंदणी, या शेवटच्या आणि सोप्या गोष्टी, लोक मात्र यांच्यापासूनच सुरुवात करतात आणि गुमास्ता हातात आला की सगळं झालं समजतात.

एक सांगायचं राहिलं, हवा, पिण्याचं पाणी, टॉयलेट आणि फर्स्ट एडची पेटी या गिऱ्हाइकाच्या हक्काच्या सोयी आहेत. दुकानासाठी जागा पाहिजे म्हणून टॉयलेटला कुलूप लावून तिथे माल भरू नका.

प्रश्न: पंपावर गाडी धुवायचं सेंटर टाकलं तर? पाणी बोअरचं आहे.

वॉशिंगला लोक किरकोळ समजतात पण शेजाऱ्यांच्या तक्रारी सगळ्यात जास्त याच्याच असतात, प्रेशर पंपाचा आवाज, रस्त्यावर वाहणारं पाणी आणि गटारात जाणारं ऑइल. धुतलेलं पाणी पावसाच्या गटारात सोडता येत नाही, आधी गाळ बसायची टाकी आणि ऑइल वेगळं करायचा सापळा लागतो, मगच ते पुढे जातं. वॉशिंगचा रॅम्प टाक्यांच्या आणि फिल पॉइंटच्या जवळ नको. तुमच्या भागात भूजल उपशावर बंधनं आहेत का ते बघा, असतील तर बोअरच्या पाण्यावर वॉशिंग सेंटर चालवणं कठीण जाईल, पाणी फिरवून वापरायची सिस्टीम बसवावी लागेल. सिस्टीमला जागा लागते, म्हणून ती पहिल्याच नकाशात धरा.

प्रश्न: पंपावर इव्ही चार्जिंग टाकायला सांगतात. पेट्रोल आणि हाय व्होल्टेज एकत्र, हे सेफ आहे का? आणि वीज विकायला लायसन लागतं का?

लायसनचं आधी सांगतो, केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय की गाडी चार्ज करणं म्हणजे वीज विकणं नाही, ती सेवा आहे, त्यामुळे वीज वितरणाचं लायसन लागत नाही. आणि टाकायला सांगतात त्याचं कारण असं की नोव्हेंबर 2019 च्या धोरणानुसार इंधन विक्रीत नव्याने येणाऱ्या कंपन्यांना त्यांच्या पंपांवर सीएनजी, बायोइंधन, एलएनजी किंवा चार्जिंग यांपैकी किमान एक सोय पंप सुरू झाल्यापासून तीन वर्षांत द्यावीच लागते, आणि बाकीच्या कंपन्याही त्या दिशेने चाललेल्या आहेत.

सेफ आहे, जागा बरोबर असेल तर. चार्जर धोक्याच्या पट्ट्याच्या बाहेर, व्हेंट पाइप आणि फिल पॉइंटपासून दूर, आणि ट्रान्सफॉर्मर तर अजूनच बाजूला. पंपावरून हाय टेन्शन लाइन जायला नको ही अट 2020 च्या गाइडलाइनमध्ये आहेच, तेव्हा जादा लोडसाठी नवीन लाइन ओढायची असेल तर ती टाक्यांच्या डोक्यावरून येणार नाही हे वीज कंपनीच्या माणसाला साइटवर उभं करून दाखवा. मला यात खरी अडचण वेळेची दिसते. पेट्रोलला गाडी पाच मिनिटं थांबते, चार्जिंगला अर्धा-पाऊण तास. मशीनसमोरच्या जागेत चार्जर लावला तर रांग रस्त्यावर जाईल, म्हणून चार्जिंगची पार्किंग मागे किंवा कडेला घ्या. आणि तिथे थांबलेल्या माणसाला दुकान, टॉयलेट, बसायची जागा लागते, म्हणजे तुमच्या दुकानाला खरा पूरक वापर इथेच मिळतो. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा या गावाने 2021 मध्ये नवीन पेट्रोल पंपांना कायमची बंदी घातली, जुन्यांना मशीन वाढवायला मनाई केली, पण चार्जिंग टाकायची मोकळीक ठेवली. आपल्याकडे तसं लगेच होईल असं म्हणत नाही, पण पुढच्या 20-30 वर्षांचा करार करणाऱ्याने हे डोक्यात ठेवावं.

प्रश्न: हायवेला आमची शेतजमीन आहे. एक जण म्हणतो जमीन लीजवर द्या, पंप आणतो, परवानग्या सगळ्या माझ्याकडे लागल्या. काय बघावं?

कंपनीची जाहिरात आणि कंपनीने दिलेलं एलओआय, म्हणजे पंप द्यायच्या इराद्याचं पत्र, बघितल्याशिवाय सही करू नका, आणि पैसे तर अजिबात देऊ नका. मग जमीन कुठल्या झोनमध्ये आहे, एनए होईल का, हायवेच्या खात्याकडून अ‍ॅक्सेसची परवानगी मिळेल का. ही तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त जमिनी बाद करते, कारण चौक, वळण, दुभाजकातली फट, टोलनाका, दुसरा पंप या सगळ्यांपासून अंतरं पाळावी लागतात आणि गाडी हळू करून आत यायला आणि वेग घेऊन बाहेर पडायला वेगळ्या लेन कराव्या लागतात, त्यांच्यासाठी फ्रंटेज, म्हणजे रस्त्याला लागून असलेली रुंदी, लागते. अरुंद फ्रंटेजची खोल जमीन पंपाला उपयोगाची नसते, कितीही एकर असली तरी.

झोन बदलून घेऊ असं कुणी सांगितलं तर समजा की तो एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 37 बद्दल बोलतोय, म्हणजे आराखड्यात फेरबदल, त्यात सूचना-हरकती येतात आणि शेवटची मंजुरी शासनाची असते, कुणा एकाच्या खिशात ती नसते. लीजच्या करारात मुदत, नूतनीकरण आणि मुदत संपल्यावर टाक्या कोण काढणार हे साफ लिहून घ्या. डीलर किंवा कंपनीचा जागेवरचा हक्क संपला तर एनओसी रद्द होऊ शकते, त्यामुळे मुदत संपताना त्यांचाही जीव अडकलेला असतो, तेव्हा बोलणी करायला तुम्ही कमजोर नाही आहात.

प्रश्न: गावाबाहेरचा बंद पडलेला पंप विकायला आहे, स्वस्तात मिळतोय. तिथे गोडाऊन किंवा घर करता येईल का?

स्वस्त का मिळतोय ते जमिनीखाली आहे. जुन्या लोखंडी टाक्या गंजतात आणि वर्षानुवर्षं थेंब थेंब गळतात, वर काही दिसत नाही, शेजारच्या विहिरीच्या पाण्याला वास यायला लागतो तेव्हा कळतं. अमेरिकेत हा प्रश्न एवढा मोठा झाला की 1988 मध्ये नियम करून जुन्या टाक्या सुधारा, बदला किंवा बंद करा म्हणून 1998 च्या डिसेंबरपर्यंत मुदत द्यावी लागली. आपण मात्र अशी जागा घेताना सात-बारा बघतो आणि माती बघत नाही.

टाक्या रिकाम्या करून, गॅसमुक्त करून काढल्यात का, त्याचा कागद पेसोकडे आहे का, लायसन परत केलंय का, हे विचारा. टाकी जागेवरच असेल तर तिच्याजवळ वेल्डिंग, कटिंग कुणालाही करू देऊ नका, रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. टाक्यांखालची आणि मशीनखालची माती प्रयोगशाळेत तपासून घ्या, जवळ विहीर किंवा बोअर असेल तर पाणीही. रिपोर्ट चांगला आला तर गोडाऊनचा विचार करा, पण वापर बदलाची परवानगी नव्याने लागेल, पंपाची परवानगी गोडाऊनला चालत नाही. घर म्हणाल तर माती बदलून झाल्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी नाहीच म्हणेन. आणि बंद पंप परत चालू करू असा विचार असेल तर जुन्या परवानगीच्या भरवशावर राहू नका, अर्ज नवा गेला तर अंतरंही आजची लागायची शक्यता धरून चला, मधल्या काळात तिथे शाळा झाली असेल तर विषय अवघड आहे.

प्रश्न: पंप 24 तास चालतो, कॅनोपीचे लाइट थेट बेडरूममध्ये येतात, रात्री ट्रकचे हॉर्न. नियमात काही आहे का?

आवाजाचं आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल आणि दिवसा 55 ही मर्यादा आहे, तक्रार पोलिसांकडे करता येते. लाइटसाठी असा सरळ आकडा नाही, पण कॅनोपीचे दिवे छताच्या आत बसवून खालच्या दिशेला वळवले की त्रास बराच कमी होतो आणि खर्चही मोठा नसतो. आधी डीलरला तुमच्या घरी बोलवा, रात्री अकरानंतर, दिवा बंद करून त्याला खोलीत उभं करा. ऐकलं नाही तर खिडकीतून काढलेले फोटो तारीख-वेळेसह जोडून कंपनीच्या सेल्स ऑफिसरला लिहा आणि त्याची एक प्रत स्थानिक संस्थेला द्या.